ताडोब्याच्या वाघाला जो कायदा, तोच प्रवाळाला! परदेशातला ‘रीफ टँक’ चंद्रपूरच्या घरात का चालत नाही?

इन्स्टाग्रामवर ‘नॅनो रीफ’ शोधलं की एकसारखे व्हिडिओ येतात. छोटी काचेची टाकी, निळा उजेड, त्यात हळूच हलणारे हिरवे-जांभळे प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारा ‘फाइंडिंग निमो’वाला नारिंगी मासा. टोरंटो किंवा म्युनिकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे सगळं उभं करता येतं. तिथे दुकानात प्रवाळांचे वाढवलेले छोटे तुकडे मिळतात, हौशी मंडळी ते आपसात देतात-घेतात.

नोकरी-शिक्षणासाठी चंद्रपूर, गडचिरोलीहून तिकडे गेलेल्यांनाही हा नाद लागू शकतो. अडचण येते ती गावी परतायचं ठरल्यावर. कारण ताडोब्यातला वाघ आपल्या कायद्याच्या ज्या यादीत आहे, त्याच यादीत हे प्रवाळही आहेत.

टाकीत नेमकं चालतं काय?

मराठीत प्रवाळ म्हटलं की अंगठीतलं पोवळं आठवतं. ते वेगळ्या जातीचं. रीफ बांधणारा प्रवाळ म्हणजे बारीक बारीक प्राण्यांची वसाहत. हे प्राणी पाण्यातलं कॅल्शियम घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. कोरपना-राजुऱ्याकडच्या सिमेंट कारखान्यांत जो चुनखडक जातो, तोही मुख्यतः हाच पदार्थ. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. टाकीवरचा महागडा दिवा असतो तो या शैवालासाठी. व्हिडिओ छान दिसणं हा वरचा फायदा.

नवखे लोक बहुतेक ६० लिटरच्या आसपासची टाकी घेतात. लहान टाकी सोपी असेल असं वाटतं, पण गणित उलटं आहे. पाणी कमी असलं की छोटी चूकही लगेच भोवते. (आणि काच, दगड, स्टँड धरून वजन शंभर किलोच्या घरात जातं, त्यामुळे घरमालकाला आधी विचारलेलं बरं.)

स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं खास समुद्री मीठ मिळतं. ते शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मिसळायचं, तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवायचं. त्यानंतरचे चार ते सहा आठवडे टाकी रिकामीच चालवायची. या काळात दगड-वाळूत जिवाणू वाढतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. घाई करणाऱ्यांचे मासे याच टप्प्यावर मरतात.

पुढचा रोजचा शत्रू म्हणजे बाष्पीभवन. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. ६० लिटरमधलं १० लिटर उडालं, तर लिटरमागचं मीठ ३५ ग्रॅमवरून ४२ ग्रॅमवर जातं आणि प्रवाळ आक्रसू लागतात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या नाही. दिवाळीला तीन आठवडे गावी यायचं असेल तर हे काम आपोआप करणारं यंत्र लागतं, आणि किल्ली सांभाळणारा एक मित्रही. त्याला खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून द्याव्यात. डबा दिला की माणूस प्रेमापोटी जास्तच टाकतो, आणि उरलेलं खाद्य सडून पाणी बिघडतं.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. प्रवाळ त्यात २००१ मध्ये आले, तेही थेट अनुसूची १ मध्ये. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन अशी त्यांची नावं आहेत. समुद्रघोडाही त्याच यादीत. २०२२ च्या दुरुस्तीत यादीची मांडणी बदलली, प्रवाळांचं संरक्षण तसंच राहिलं. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड.

‘पण मी तो परदेशात पावती घेऊन विकत घेतलाय’ हा युक्तिवाद इथे पुरत नाही. कठीण प्रवाळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, म्हणजे देशाची सीमा ओलांडायलाच परवाना लागतो. हे मेलेल्या प्रवाळालाही लागू आहे. बीचवरून उचललेला पांढरा दगड बॅगेत टाकून आणणं हे त्यामुळेच महागात पडू शकतं.

हा कायदा फक्त हौशी लोकांना अडवतो असंही नाही. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही आधी वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. या विभागाचं राज्याचं मुख्यालय आहे नागपुरात. ताडोब्याची फाइल जिथे जाते, तिथेच.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक जास्त जवळचं उदाहरण. पूजेच्या सामानात आणि ऑनलाइन ‘इंद्रजाल’ नावाची एक वनस्पती म्हणून विकली जाते. काळी, जाळीदार, फ्रेम करून भिंतीवर लावतात. ती वनस्पती नाहीच, बहुतेक वेळा तो सी फॅन किंवा काळा प्रवाळ असतो. वाघनख गळ्यात घालणं गुन्हा आहे हे जंगलाशेजारच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भिंतीवरच्या इंद्रजालाबद्दल मात्र शिकलेल्या घरांतही पत्ता नसतो.

कायदा नसता तरी उन्हाळा होताच

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्र जेमतेम एक अंशाने जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तरी प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने जगभरात चौथ्यांदा असं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं. लक्षद्वीपचे प्रवाळही त्याच वर्षी पांढरे पडले. समुद्राला एक अंश झेपत नाही, तिथे डेझर्ट कूलरवर चालणाऱ्या खोलीतल्या ६० लिटर पाण्याचं काय होणार? त्यात कोरड्या उन्हात पाणी भराभर उडतं. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र असलं तरी वादळात लाइट जायची ती जातेच, आणि पंप थांबला की पाण्यातला ऑक्सिजन उतरू लागतो.

मग इथे काय ठेवता येतं?

खाऱ्या पाण्यातले मासे. क्लाउनफिश, म्हणजे निमो, आता हॅचरीत वाढवले जातात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन करून दाखवलंय, आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानचं असं काम नवी मुंबईत ऐरोलीला चालतं. दुकानदाराला ‘हॅचरीचा आहे का?’ असं थेट विचारावं आणि बिल घ्यावं. ‘लाइव्ह रॉक’ नावाने दिला जाणारा दगड मात्र टाळावा, तो बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो. काही विक्रेते ‘हा सॉफ्ट कोरल, चालतो’ म्हणतात. तो ज्या दगडाला चिकटलाय, तो दगड काय आहे हे आधी बघावं.

दगड घरीही होतो. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ मिसळून साचा करतात. मीठ विरघळलं की त्यात भोकं पडतात, जिवाणूंना जागा मिळते. सिमेंटमुळे पाण्याचा पीएच वाढतो, म्हणून तो काही आठवडे गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहावं लागतं. सिमेंटला तर चंद्रपुरात तोटा नाही.

परदेशातून निघताना प्रवाळ आणि मासे तिथल्याच दुकानाला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यायचे. क्षारता मोजायचं यंत्र, पंप, दिवा बॅगेत येऊ शकतात. फक्त अमेरिका-कॅनडातला ११० ते १२० व्होल्टचा हीटर आणू नये. आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल, आणि चंद्रपुरात तशीही गरज पडणार ती हीटरची नाही, चिलरची.