परदेशी शिकताना आनंदीबाईंनी काय सांभाळलं, काय बदललं

आम्ही दिघोरीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

रोवणी आटोपल्यावर आमची बैठक भरली. हिशेब झाला आणि एका ताईनं विषय काढला. तिची पोरगी परदेशी शिकायला जायचं म्हणते. ताईच्या जिवाला घोर. तिथं ही खाईल काय? नेसेल काय? थंडीत राहील कशी? आणि परत येईल तेव्हा आपली राहील का?

हेच प्रश्न आपल्याच महाराष्ट्रातल्या एका पोरीला 140 वर्षांमागं पडले होते. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. तिचं उत्तर काय होतं, ते आज सांगतो.

आनंदीबाईंचा जन्म 1865 सालचा, लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बायांना बाईच डॉक्टर पाहिजे, हे त्यांच्या मनानं घेतलं. 1883 च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांची ही पोर कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. नवरा, गोपाळराव, इकडंच राहिले.

तिकडं त्यांना आधार मिळाला थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईचा. दातांच्या डॉक्टरकडं बसल्या बसल्या या बाईंनी एक मासिक उघडलं. बायकोला शिकवण्यासाठी गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र त्यात छापलं होतं. ते वाचून त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, पुढं रोझेल गावच्या आपल्या घरी उतरवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. परक्या देशात नातं असं जुळतं, आपल्या घरच्या नावानं हाक मारली की.

आता खाण्याचं. आनंदीबाई तिकडंही शाकाहारीच राहिल्या. आपलं जेवण रांधायच्या आणि मावशीच्या घरच्यांनाही खाऊ घालायच्या. आपण दुसऱ्याचं शिकतो तसं दुसऱ्यालाही आपलं शिकवता येतं, ते असं.

नेसण्याचं ऐका. साडी त्यांनी सोडली नाही. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, तिथल्या थंडीत ते कसं चालावं? म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. साडी राहिली, नेसण बदललं.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात 1885 साली काढलेला एक फोटो आहे. तिघी शेजारी शेजारी आहेत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पोशाखात. तीन देशांच्या, तीन धर्मांच्या, पण अभ्यास एकच. परदेशी शिकायला गेलेल्या पोरीला अमेरिका तर दिसतेच, जपान आणि सीरियाही भेटतात.

पण सगळं गोड नव्हतं. त्यांच्या खोलीतली शेगडी धड चालत नसे. पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा. चुलीचा धूर काय असतो, ते आपल्याला कोणी सांगायला नको. प्रकृती खालावत गेली. तरी 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या वर्षाअखेर आनंदीबाई मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, पण क्षयानं गाठलं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

म्हणून ताईला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. पोरीला म्हणावं, मनाला जे धरून ठेवावंसं वाटतं ते सोडू नको. हवामानासाठी, सोयीसाठी बदलावं लागलं तर बदल, त्यात लाज नाही. आणि तिसरी सगळ्यात मोठी : अंगावर दुखणं काढू नको. खोली थंड असेल, खोकला जात नसेल, तर पहिल्याच आठवड्यात सांग. सहन करणं ही संस्कृती नव्हे.

पैशाची वाटही आहे. आनंदीबाईंना दागिने विकावे लागले. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे, इतर मागास वर्गासाठीही आहे. समाजकल्याण कार्यालयात जाऊन अटी आणि मुदत विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

शेवटी एकच सांगतो. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला, कार्पेंटर मावशींकडं पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथं त्या आजही आहेत. पोरगी परदेशी गेली म्हणजे आपल्यातून गेली, असं नसतं. कधी कधी तिच्यामुळं परकेच आपले होतात.

ताईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी दाखल्यासाठी तहसीलला गेल्या.