एकच भजन, दोन कान

केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात हरिपाठाला जाणाऱ्यांना हे अनुभवानं ठाऊक असतं : मृदंगाशेजारी उभं राहिलं तर एक भजन ऐकू येतं, टाळकऱ्यांच्या रांगेत शिरलं तर दुसरंच. एकीकडे मृदंगाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमार छातीत भरतो, दुसरीकडे टाळांच्या खणखणाटात बाकी सगळं मागे पडतं. हेडफोनही असंच करतो. ऐकणाऱ्याला कुठं उभं करायचं, हे तो घडवणारा ठरवतो.

म्हणूनच पैसे साठवून घेतलेला हेडफोन दर्दी माणूस हौसेनं मित्राच्या कानांवर चढवतो आणि मित्र दोन मिनिटांत तो काढून म्हणतो, "बेसच नाही रे याला!" दर्दी हिरमुसतो. मित्राला कानच नाही, असं त्याला वाटतं. मित्राला वाटतं, याचे पैसे पाण्यात गेले.

दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. हर्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० जणांना वेगवेगळे हेडफोन ऐकवले. ६४ टक्के लोकांना कंपनीनं आखलेला समतोल आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे दर तिघांतला एक जण बहुमताच्या बाहेर. त्याला अडाणी ठरवायचं कशाच्या जोरावर?

शरीरही आडवं येतं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. ती ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपसूक वाढवते आणि तिचा आकार प्रत्येकाचा निराळा. वय वाढलं की टाळांच्या किणकिणाटातले सर्वांत वरचे स्वर आधी हरवतात.

जागेचाही वाटा असतो. सेनहायझरनं १९६८ साली एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन आणला. अशा हेडफोनमध्ये गाणं समोर, मोकळ्या अंगणात चालल्यासारखं वाटतं, आणि शांत खोलीत तो दर्दीला वेड लावतो. तोच एसटीत लावला तर इंजिनाची घरघर थेट आत येते आणि नेमका खालचा स्वर झाकून टाकते. मित्रानं तो एसटीत ऐकला असेल, तर त्याची तक्रार सोळा आणे खरी.

दोन हेडफोनची तुलना करायचीच तर दोघांना पाठ असलेलं एकच गाणं घ्यावं आणि दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. जरा मोठ्यानं वाजणारा हेडफोन कानाला उगाचच सरस वाटतो. इअरफोन असेल तर आधी रबरी टोपी बदलून पाहावी. ती सैल बसली की बेस फटीतून निघून जातो, मग माणूस आवाज वाढवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. मापाची टोपी बसली तर तोच बेस कमी आवाजातही मिळतो.