हात फुगला, पण क्षय झाला का?

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्यात नोकरीनिमित्त गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. तेथे शाळेत नाव घालण्यापूर्वी मुलांची क्षयरोगाबाबत विचारपूस करण्याचा नियम २०१४ मध्ये आला. मूल कोठे जन्मले, कोणकोणत्या देशांत राहिले, क्षयाच्या रोग्याशी संबंध आला काय, असे प्रश्न डॉक्टर विचारतात. समजा, पुण्यात जन्मलेला तुमच्याएवढा एक मुलगा तेथे गेला. जन्म भारतातला म्हटल्यावर त्याची चाचणी करणे आलेच. (सरसकट सर्वांना टोचण्यापेक्षा आधी विचारणे शहाणपणाचे. जेथे रोग विरळ, तेथे फुगलेले बरेचसे हात उगाच घाबरवणारे निघतात.)

जुनी चाचणी मांटू यांची, १९०८ मधली. तिच्यात ट्युबरक्युलिन वापरतात. क्षयजंतूंपासून काढलेली ही प्रथिने. जिवंत जंतू त्यांत नसतो. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलिन पुढे आणले ते औषध म्हणून. औषध म्हणून ते साफ फसले, चाचणीसाठी मात्र टिकले! त्याचा ०.१ मिलिलिटर द्रव हाताच्या कातडीतच टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी पाहतात. लाली मोजायची नाही; बोटाला लागणारा कठीण फुगवटा मोजायचा. रक्तातील काही पांढऱ्या पेशींना ही प्रथिने ओळखीची असली, तर त्या तेथे गर्दी करतात.

आपल्या मुलाचा फुगवटा भरला १२ मिलिमीटर. घरात एकच घबराट! पण पेशींची ओळख नेमकी कोणाशी झाली होती? भारतात बाळाला जन्मल्यावर लगेच बीसीजीची लस देतात. तीही क्षयजंतूच्या भावंडाचीच. ट्युबरक्युलिनला दोघांतला फरक कळत नाही.

हा फरक पडला फ्रान्समध्ये. काल्मेत आणि गेरँ यांनी गुरांचा क्षयजंतू १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे, बटाटा आणि पित्त यांवर सुमारे २३० वेळा नव्याने वाढवला. तेवढ्यात त्या जंतूने आपल्या जनुकांचा एक तुकडा गमावला. तो दुबळा झाला, म्हणून तर त्याची लस झाली. हरवलेल्या तुकड्यावर ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या दोन प्रथिनांची जनुके होती. क्षयाच्या खऱ्या जंतूत ती आहेत, बीसीजीत नाहीत.

नव्या रक्तचाचणीत थोडे रक्त घेऊन त्यात हीच दोन प्रथिने मिसळतात. ओळख पटली, तर पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा पदार्थ सोडतात आणि तो मोजता येतो. आपल्या मुलाच्या रक्तात तो जवळजवळ आढळलाच नाही. म्हणजे हात बहुधा लसीच्या आठवणीने फुगला होता. आढळला असता, तर छातीचा एक्स-रे काढला असता. एक्स-रे स्वच्छ आणि खोकला-ताप नाही, म्हणजे जंतू शरीरात झोपलेला; अशा मुलापासून कोणाला लागण होत नाही. काही महिने गोळ्या घ्यायच्या, आणि शाळेतही जायचे.