लहान धंद्याला माफी? कशाची?

खडकवासल्याहून पानशेतच्या रस्त्याला लागलं, की फार्महाउस, होमस्टे आणि रिसॉर्टच्या पाट्या सुरू होतात. शनिवार-रविवारचं बुकिंग बऱ्याचदा व्हॉट्सॲपवरच उरकतं: तारीख, ॲडव्हान्स आणि सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो. या फोटोंचं पुढे काय करता, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "तो डेटाचा कायदा मोठ्या कंपन्यांना हो. आपल्यासारख्या छोट्यांना सूट आहे."

नाही. ऑगस्ट २०२३मध्ये झालेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होताना उलाढाल बघत नाही, नोकरही मोजत नाही. गैरसमजाचं मूळ कलम १७(३)मध्ये आहे. डेटा किती आणि कसला, हे पाहून केंद्र सरकार काही व्यवसायांना, त्यात स्टार्टअपही आले, ठरावीक तरतुदींतून वगळू शकतं. त्यासाठी अधिसूचना लागते. खोल्या दोनच आहेत म्हणून सूट आपोआप पदरात पडत नाही.

बरं, मिळाली तरी कशातून? संमती घेतानाची सविस्तर सूचना, डेटा अचूक ठेवणं, काम संपल्यावर तो स्वतःहून पुसणं, ग्राहकाने विचारल्यास त्याच्या माहितीचा तपशील देणं, अशा मोजक्या गोष्टींतून. संमती घेणं, डेटा सुरक्षित ठेवणं आणि तो फुटला तर डेटा संरक्षण मंडळाला व ग्राहकाला कळवणं यांतून नाही. कलम वाचायला पाच मिनिटं लागतात. पण वाचतो कोण!

नियम आणखी सैल करा, ही मागणी सगळीच चुकीची नाही. होमस्टेवाल्याला वकिली भाषेतल्या सूचना लिहायला लावू नका, हे पटतं. युरोपातही छोट्यांना नोंदी ठेवण्यात सवलत आहे. मे २०२५मध्ये युरोपीय आयोगाने तिची मर्यादा २५० कर्मचाऱ्यांवरून ७५०वर नेण्याचा प्रस्ताव मांडला. पण डेटा पुसण्यातून सूट कशाला? फोटो डिलीट करायला पैसे पडत नाहीत, आणि जो ठेवलाच नाही तो चोरीला जात नाही. कायद्याने ठेवावी लागणारी नोंद तेवढी ठेवावी.

"२५० कोटी दंड होतो म्हणे!" ती कमाल मर्यादा आहे, रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य आणि दंडाचा त्या व्यक्तीवर होणारा परिणाम पाहावा लागतो.

"आमचं तर वहीत असतं." निव्वळ वहीला हा कायदा नाही. पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलात, की लागू.

"सॉफ्टवेअर दुसऱ्याचं आहे." असू दे, जबाबदारी तुमचीच.

"अजून वेळ आहे." आहे, थोडा. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली.

तोवर पाहुण्यांनीही थोडं शहाणं व्हावं. आधारच्या संकेतस्थळावर शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' मिळतं. बुकिंगला तेच पाठवा.