अंधार पडायची वाट पाहू नका

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज सगळं मोकळेपणी बोलतो. पोट साफ होत नाही, हे मात्र कानात सांगतो. आज तेच उघड बोलू.

अन्न पचतं ते मुख्यतः लहान आतड्यात. उरलेला पातळ चोथा मोठ्या आतड्यात येतो. हे आतडं साधारण 5 फूट लांब. चोथ्यातलं पाणी आणि क्षार शोषून घेणं हे त्याचं मोठं काम. रोज लिटर-दीड लिटर पातळ चोथा आत येतो. मळातून बाहेर जातं ते जेमतेम वाटीभर पाणी. मळ खाली गुदाशयात उतरला, की आपल्याला संडासला लागते.

पण शेतात आडोसा नसतो. म्हणून आपण अंधार पडेपर्यंत रोखून धरतो, पाणीही कमी पितो. आतडं मात्र पाणी ओढतच राहतं. मग मळाचा खडा होतो, कुंथावं लागतं, चिरा पडतात, मूळव्याध होते. नेहमी रोखलं तर लागल्याची जाणीवही मंदावते.

न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते. तेव्हा कामं बाजूला ठेवून जाऊन या. पीठ न चाळता भाकरी करा; पालेभाजी, उसळ खा, दिवसभर पाणी प्या. मळातून रक्त पडलं, वजन घटलं किंवा पोटाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, तर मूळव्याधच असेल म्हणून अंगावर काढू नका. आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा.

आणि शेताच्या वाटेवर शौचालय हवं, हा विषय महिला ग्रामसभेत आपणच मांडू या.