मोडतोड गृहीत धरून

हजारो हार्ड डिस्क एकत्र राबवायच्या म्हटल्या, की त्यांतली एखादी बंद पडणं हा अपघात राहत नाही. तो रोजचा व्यवहार होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत सेज वाइल यांनी पीएच.डी.साठी ‘सेफ’ ही वितरित फाइल सिस्टीम रचली ती हेच गृहीत धरून. तिच्यावरचा मुख्य शोधनिबंध २००६ मध्ये आला.

फाइलींची नावं आणि फोल्डर सांभाळायला सेफमध्ये वेगळे सर्व्हर असतात. मजकूर मात्र तुकड्यांनी साऱ्या डिस्कांवर पसरतो. कोणता तुकडा कुठे, याची मध्यवर्ती नोंदवही नसते. ‘क्रश’ ही गणिती पद्धत तुकड्याचं नाव आणि डिस्कांचा नकाशा यांवरून जागा काढून देते. प्रती सहसा तीन असतात. डिस्क गेली की नकाशा बदलतो आणि उरलेल्या डिस्क आपापसांत हरवलेल्या प्रती भरून काढतात.

दुखणं निघालं ते पायातच. प्रत्येक डिस्कवर मजकूर ठेवण्यासाठी सेफ आधी बीटीआरएफएस आणि मग एक्सएफएस या तयार फाइल सिस्टीमवर विसंबली. ‘फाइलस्टोअर’ नावाच्या या मांडणीत डेटा आधी जर्नलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या नोंदीत, आणि मग जागेवर, असा दोनदा लिहावा लागे. दहा वर्षांच्या अनुभवानंतर, तयार फाइल सिस्टीमचा पाया चालेल ही मूळ समजच चुकीची होती, असा निष्कर्ष वाइल आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या निबंधात जाहीरपणे मांडला. तोवर फाइल सिस्टीमला वगळून थेट डिस्कवर लिहिणारं ‘ब्लूस्टोअर’ तयार झालं होतं. २०१७ पासून नव्या मांडणीत तेच येऊ लागलं.

पण जुन्या मांडणीवर साठलेल्या डेटाचं काय? प्रशासकांनी एकेक डिस्क रिकामी करायची, नव्या पद्धतीने बांधायची आणि पुन्हा जोडायची. सिस्टीम बंद ठेवायची गरज नव्हती. बिघडलेल्या डिस्कसाठी केलेली सोय पाया बदलायलाही कामी आली. फाइलस्टोअर पूर्णपणे काढून टाकायला मात्र २०२३ उजाडलं. नवं लिहिण्यापेक्षा जुनं सुखरूप निवृत्त करण्यातच देखभालीची वर्षं जातात.

रोजची राखण वेगळीच. प्रती एकमेकींशी जुळतात का, याची वरवरची तपासणी रोज आणि सखोल तपासणी आठवड्याला होते. नव्या आवृत्तीच्या चाचणीत डेटा लिहिणं चालू असतानाच डिस्क सांभाळणारे प्रोग्राम मुद्दाम मारले जातात.

मालकीही बदलत गेली. वाइल यांची इंकटँक कंपनी २०१४ मध्ये रेड हॅटने घेतली. २०२३ मध्ये हा व्यवसाय आयबीएमकडे गेला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सेफ फाउंडेशन उभं राहिलं. पुढे वाइल स्वतः बाजूला झाले आणि धुरा तिघांच्या मंडळाने घेतली. कोड मुक्त परवान्याखाली असल्याने कोणा एका कंपनीला तो कुलूपबंद करता येत नाही. एका डिस्कवाचून अडू नये, हा नियम सेफने कंपनीला लावला आणि आपल्या निर्मात्यालाही.