जन्मताच चालू लागणारी पिल्ले : गाभण गिनी पिगची निगा

कृंतक गणातील, म्हणजे कुरतडून खाणाऱ्या प्राण्यांच्या गणातील, बहुतेक लहान जीवांची पिल्ले अपुऱ्या वाढीची जन्मतात. उंदराच्या मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, त्यामुळे तिची पिल्ले जन्मतः आंधळी आणि उघडी असतात व त्यांची उरलेली वाढ घरट्याच्या उबेत होते. याच गणातील गिनी पिगची मादी मात्र गर्भ 59 ते 72 दिवस वाढवते आणि तिचे पिल्लू अंगभर केस, उघडे डोळे व कायमचे दात घेऊनच जगात येते. त्याचे दुधाचे दात गर्भातच झडून गेलेले असतात. साधारण 60 ते 100 ग्रॅम वजनाचे हे पिल्लू जन्मानंतर काही तासांत धावू लागते आणि पहिल्या एकदोन दिवसांतच गवताची काडी चघळताना दिसते. इतर कृंतकांत घरट्यात होणारे काम येथे आईच्या पोटात उरकते, आणि त्याचा सगळा भार तिच्या हाडांवर, यकृतावर आणि अन्नसाठ्यावर पडतो. म्हणून या प्राण्याच्या बाळंतपणातील खरी निगा पिल्ले दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते.

नावात गिनी आणि पिग असले तरी या प्राण्याचा आफ्रिकेतील गिनीशी संबंध नाही, डुकराशी तर नाहीच. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत असून तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला मांसासाठी माणसाळवले. पेरू, बोलिव्हिया आणि एक्वादोर या देशांतील डोंगरी खेड्यांत तो आजही ‘कुय’ या नावाने स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा वावरतो आणि रोज कापून आणलेल्या हिरव्या चाऱ्यावर वाढतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमार्फत तो युरोपात पोहोचला, तेथे आधी हौसेचा आणि पुढे प्रयोगशाळेचा प्राणी झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत प्लेगचा प्रसार पिसवांमार्फत होतो हे पडताळण्यासाठी झालेल्या प्रयोगांतही तो वापरला गेला. थंड हवा आणि ताजा हिरवा चारा या मूळ परिस्थितीच्या दोन खुणा त्याच्या शरीरात कायम राहिल्या आहेत, आणि गाभणपणात त्या दोन्ही फार महत्त्वाच्या ठरतात.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांत नर व माद्या पुष्कळदा एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या असतात, शिवाय लहान वयात त्यांचे लिंग ओळखण्यात चूक होणे सोपे असते. त्यामुळे घरी आणलेली मादी आधीच गाभण असण्याचा संभव नेहमीच गृहीत धरावा लागतो. अशा वेळी दिवस मोजणे हा पहिला उपाय होय. मादीचा नराशी संपर्क ज्या दिवशी शेवटचा असू शकतो, त्या दिवसापासून 72 दिवस उलटेपर्यंत तिला गाभण मानूनच वागवावे. गर्भकाळाची लांबी पिल्लांच्या संख्येनुसार बदलते, म्हणजे पिल्ले जास्त असली तर प्रसूती लवकर आणि एखाददुसरेच असले तर उशिरा होते. एका वेताला सामान्यतः दोन ते चार पिल्ले होतात.

आरंभीच्या आठवड्यांत बाहेरून काहीही कळत नाही. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मादीला खोक्यासह ठेवून दर आठवड्याला वजन नोंदवत गेल्यास चढता क्रम दिसू लागतो. पुढे पोट दोन्ही अंगांनी फुगते आणि शेवटच्या दोनेक आठवड्यांत पिल्लांची हालचाल पोटावर हलकेच तळवा ठेवला तरी जाणवते. पोट दाबून गर्भ चाचपण्याचा प्रयत्न घरी करू नये, कारण त्यातून गर्भाला इजा होण्याची भीती असते. अनुभवी पशुवैद्य साधारण चौथ्या आठवड्यापासून हाताने किंवा सोनोग्राफीने निदान करू शकतात, आणि हाडे धरल्यानंतर, म्हणजे गर्भकाळाच्या उत्तरार्धात, एक्स-रेमध्ये पिल्लांची संख्याही मोजता येते. ही तपासणी आणखी एका कारणासाठी आवश्यक असते: अंडाशयातील गाठींमुळे किंवा पोटात वायू धरल्यामुळेही मादी गाभण असल्यासारखी दिसते, आणि या दोन्ही अवस्थांना वेगळे उपचार लागतात.

मादीचे वय हा त्यापुढचा प्रश्न असतो. पूर्ण वाढीचे पिल्लू बाहेर पडायचे म्हणजे जन्ममार्ग त्या मानाने रुंद हवा. यासाठी ओटीपोटाच्या पुढील बाजूस जघनास्थी नावाची दोन हाडे जेथे जुळतात, तो सांधा प्रसूतीपूर्वी संप्रेरकाच्या, म्हणजे शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या द्रव्याच्या, प्रभावाने सैल होतो आणि हाडांमध्ये बोटभर अंतर पडते. पहिले वेत सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत झाले नाही, तर हा सांधा पुष्कळ माद्यांमध्ये कडक होऊन बसतो आणि पुढे पहिल्यांदाच गाभण राहिलेल्या अशा मादीची प्रसूती अडते. तिला शस्त्रक्रियेवाचून सोडवता येत नाही आणि ती शस्त्रक्रियाही जोखमीची असते. म्हणूनच वय माहीत नसलेली किंवा मोठ्या वयाची मादी गाभण असल्याचा नुसता संशय आला, तरी दिवस भरण्याची वाट न पाहता पशुवैद्याशी आधीच बोलून ठेवणे शहाणपणाचे ठरते. लहान सस्तन प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यच त्यासाठी शोधावा. कारण पेनिसिलिन गटातील जी औषधे कुत्र्यामांजरांना सर्रास दिली जातात, ती गिनी पिगच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करून त्याचा जीव घेऊ शकतात.

आहारात क जीवनसत्त्वाला पहिले स्थान आहे. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाप्रमाणे गिनी पिगला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याच्याकडे नसते. नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रलिक यांनी 1907 मध्ये निव्वळ धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगमध्ये स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्तस्राव होण्याचा रोग, घडवून दाखवला, आणि क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट त्यातून मोकळी झाली. एरवी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे 10 मिलिग्रॅम पुरणारे हे जीवनसत्त्व गाभण मादीला 30 मिलिग्रॅमच्या आसपास लागते. सव्वा किलोपर्यंत वजन गेलेल्या मादीची ही गरज सुमारे 50 ग्रॅम ताज्या हिरव्या ढोबळी मिरचीतून भागते. कोथिंबीर आणि पेरूची लहानशी फोडही उपयोगी पडते, मात्र फळातील साखरेमुळे पेरू बेताने द्यावा. हे जीवनसत्त्व हवा आणि उजेड लागताच नाश पावत असल्याने पिण्याच्या पाण्यात त्याचे थेंब टाकण्याचा फारसा लाभ होत नाही, आणि जुन्या झालेल्या गोळी खाद्यावरही त्यासाठी विसंबता येत नाही.

वाळलेले गवत तिच्यासमोर अष्टौप्रहर असावे, कारण सतत वाढणारे दात झिजणे आणि आतडे चालू राहणे या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. गाभण व दूध पाजणाऱ्या मादीला चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गरज वाढते. म्हणून एरवी क्वचितच द्यायची लसूणघास, जिला ल्यूसर्न असेही म्हणतात, या काळात साध्या गवताच्या जोडीने देता येते. या चाऱ्याचा नावापलीकडे लसणाशी काही संबंध नाही. खरा लसूण, कांदा आणि बटाटा गिनी पिगला मुळीच देऊ नयेत.

थंड हवेची गरज हा अँडीजमधील मूळ परिस्थितीचा दुसरा वारसा. साधारण 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमानात सुखाने राहणारा हा प्राणी 30 अंशांच्या आसपासच धापू लागतो, आणि पोटात पिल्लांचे ओझे असलेल्या मादीला उष्माघात त्याहून लवकर होतो. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात तर तिचा पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, उन्हापासून दूर ठेवावा, जवळ ओले गोणपाट टांगावे आणि कापडात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली व बसायला गार फरशी द्यावी. पिंजऱ्याचा तळ जाळीचा नसावा, कारण जड झालेल्या मादीच्या तळपायांना त्याने जखमा होतात आणि पुढे पिल्लांचे पाय त्यात अडकतात. शेवटच्या आठवड्यांत तिला शक्यतो उचलूच नये. हलवणे भाग पडल्यास तिला खोक्यात आपणहून शिरू द्यावे.

या काळातील सर्वांत घातक विकार म्हणजे गाभणपणातील विषबाधा. पोटातील पिल्लांची मागणी आईच्या आहारातून भागेनाशी झाली की शरीर साठवलेली चरबी वेगाने मोडू लागते, त्यातून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साचतात आणि यकृत निकामी होत जाते. गर्भकाळाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात हा धोका असतो. लठ्ठ माद्यांना तो अधिक असतो. जागाबदल, प्रवास, गोंगाट अशा ताणामुळे किंवा एखाद्या दिवसाच्या उपासानेही तो उद्भवू शकतो. मादीने खाणे सोडणे, कोपऱ्यात अंग फुगवून बसणे आणि श्वासाला गोडसर वास येणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसल्यावर उद्यावर ढकलण्याइतका अवधी हातात नसतो.

गिनी पिग घरटे बांधत नाही, त्यामुळे प्रसूती जवळ आल्याची सूचना फारशी मिळत नाही. सुरळीत प्रसूती साधारण अर्ध्या तासात आटोपते: मादी अंग आवळून बसते, पिल्लाला दातांनी बाहेर ओढून घेते, त्यावरील पडदा फाडून त्याला चाटते आणि शेवटी वारही खाऊन टाकते. त्या वेळी तिच्याजवळ गर्दी करू नये. एखाद्या पिल्लावरचा पडदा तसाच राहिला असेल तर मात्र तो स्वच्छ कापडाने नाकातोंडावरून दूर करून पिल्लू हळुवार चोळावे. सतत 20 मिनिटे कळा देऊनही पिल्लू बाहेर आले नाही, किंवा रक्तस्राव थांबेना, तर ताबडतोब पशुवैद्याकडे जावे.

नर आधीच वेगळा केलेला असावा, याचे कारण या क्षणी स्पष्ट होते: व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, आणि नर जवळ असल्यास अंगावर दूध असतानाच ती पुन्हा गाभण राहते. सलग दोन गर्भांचा हा भार तिचे शरीर पोखरून काढतो. सवयीची सोबतीण मादी मात्र जवळ राहू द्यायला हरकत नसते, कारण गिनी पिगच्या माद्या एकमेकींच्या पिल्लांनाही दूध पाजतात.

एवढी काळजी पार पडल्यावर पिल्लांसाठी करायचे काम थोडेच उरते. आईला स्तन दोनच असले तरी तीन-चार पिल्ले पाळीपाळीने पितात. पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला पोहोचेल इतकी खाली बांधावी, पाण्याचे भांडे असल्यास ते उथळ असावे, आणि गजांमधून ती निसटू नयेत म्हणून पिंजऱ्याला खालच्या बाजूने पुठ्ठा लावावा. रोज एकाच वेळी घेतलेले वजन हीच त्यांच्या प्रकृतीची सर्वांत विश्वासार्ह खूण असते. पहिल्या एकदोन दिवसांत ते किंचित घटले तरी चालते, पण त्यानंतर दररोज काही ग्रॅमनी वाढायला हवे. आई दगावल्यास दुसरी दुभती मादी हा उत्तम आधार असतो. ती नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने बदली दूध थेंबाथेंबाने पाजावे, कारण घाईने पाजलेले दूध फुफ्फुसात जाते; भिजवलेले गोळी खाद्य व गवतही पहिल्या दिवसापासून समोर ठेवावे.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आईचे दूध आटत येते, आणि त्याच सुमारास, म्हणजे 21 व्या दिवशी, नर पिल्ले ओळखून वेगळी काढावी लागतात. जी लवकर वाढ त्यांना जन्मताच चालायला लावते, तीच त्यांना फार कोवळ्या वयात प्रजननाकडेही नेते. बहिणी चार-सहा आठवड्यांतच माजावर येऊ शकतात आणि आई तर तयार असतेच. लिंगाविषयी खात्री नसल्यास ते पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. एकच नर नजरचुकीने मागे राहिला, तर पिंजऱ्यातील प्रत्येक मादीसाठी 72 दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.